बेताची हॉट रॉड

१९५१ सालची शेव्हरोले सेडान घ्या आणि भर पावसात बाहेर काढा. सपाट रस्त्यावर काचेवरचा वायपर झपझप फिरतो. चढ लागला आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबलात, की तो दमतो, रेंगाळतो, एखाद्या वेळी अर्ध्या काचेवर उभाच राहतो. पाय उचला, की पुन्हा धावायला लागतो. नवख्याला वाटेल, मोटर गेली. पण या वायपरला विजेची मोटर नाहीच. इंजिनापासून एक बारीक नळी निघते आणि डॅशबोर्डामागच्या वायपरच्या डबीपर्यंत जाते. इंजिनाचे दट्ट्ये खाली उतरताना हवा आत ओढतात आणि थ्रॉटलची झडप त्यांना पुरेशी हवा मिळू देत नाही. त्यातून जी ओढ तयार होते, तिच्यावर वायपर चालतो. पाय पूर्ण दाबला की झडप सताड उघडते, हवा भसकन आत येते, ओढ संपते आणि वायपर थांबतो. ज्या क्षणी गाडीला सगळा जोर हवा, त्याच क्षणी समोरचं दिसेनासं होतं.

आता या गाडीच्या मालकाला वाटलं, इंजिन जरा तिखट करावं. त्याने तेज कॅमशाफ्ट बसवला. असा कॅमशाफ्ट झडपा जास्त वेळ उघड्या ठेवतो; हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी, दोन्ही झडपा काही क्षण एकदमच उघड्या राहतात. वेगात त्याचा फायदा होतो, पण मंद चालीत जळका वायू उलटा आत शिरतो आणि ओढ घटते. म्हणजे आता सपाट रस्त्यावरही वायपर मलूल. कॅमशाफ्ट इंजिनाच्या पोटात, वायपर काचेवर, आणि दोघांची नाळ मात्र एकच.

जुन्या गाडीची हॉट रॉड करण्याचा बेत आखणं म्हणजे अशा नाळा शोधत जाणं. त्यातही मला भुरळ पडते ती माफक बदलांची. मराठीत 'बेत' म्हणजे योजना आणि 'बेताचं' म्हणजे मोजकं. 'माइल्ड हॉट रॉड'ला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही: बेताची हॉट रॉड. मूळ इंजिनाच्या घराण्यातलंच इंजिन, मूळ पत्रा, मूळ चेहरा. फक्त चालीत थोडी मस्ती आणि आवाजात थोडा खर्ज.

हॉट रॉडचं माहेर दक्षिण कॅलिफोर्निया. तिथल्या मोहावी वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत, ज्यांचा तळ पाटीसारखा सपाट आणि मैलोन् मैल मोकळा. १९३० च्या दशकात पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन तिथे जायची, मडगार्ड आणि टप उतरवून ठेवायची आणि घड्याळ लावून पळवायची. १९३७ मध्ये या मंडळींच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. इंजिनाचा प्रश्न फोर्डनेच सोडवून ठेवला होता: १९३२ मध्ये त्याने सामान्यांच्या गाडीत ६५ अश्वशक्तीचं आठ सिलिंडरांचं व्ही-एट इंजिन घातलं, आणि काही वर्षांत ते भंगारात मिळू लागलं. महायुद्धाहून परतलेल्या पोरांच्या हातात पान्यांची सवय होती. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं. म्युरॉकचं तळं एव्हाना हवाई दलाने घेतलं होतं. ऑक्टोबर १९४७ मध्ये वैमानिक चक येगरने ध्वनीचा वेग ओलांडला, ते विमान याच तळावरून नेलेलं होतं. वेगाचं वेड असलेल्या पोरांची माती पुढे विमानांच्या कामी आली, यात मला उगाच एक वारसा दिसतो.

त्या पोरांना हव्या असत त्या हलक्या, उघड्या, दोन दारांच्या गाड्या. चार दारांची सेडान म्हणजे आईवडिलांची गाडी. 'फोर-डोअर'ला या वर्तुळात अजूनही 'मोअर-डोअर' म्हणून चिडवतात. म्हणूनच ती स्वस्त मिळते, आणि बेताच्या माणसाचं लक्ष तिच्याकडे जातं. १९५१ च्या शेव्हरोले तर दहा लाखांहून अधिक बनल्या. आपल्याकडेही या नावाची ओळख जुनी आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना घातला. सुटे भाग जहाजाने यायचे आणि गाडी शिवडीत जोडली जायची. हा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून 'शेवरलेट' हा उच्चार सापडतो, तो त्या काळातला.

बॉनेट उघडलं की एका रांगेत सहा सिलिंडर. आकार २१६ घन इंच, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. ताकद ९२ अश्वशक्ती. या घराण्याचं टोपणनाव 'स्टोव्हबोल्ट', कारण १९२९ च्या पहिल्या इंजिनातले खाचेचे बोल्ट शेगडीला लावतात तसे दिसत. आत डोकावलं तर आणखी जुनी दुनिया भेटते. दट्ट्याचा जोर क्रँकशाफ्टपर्यंत पोचवणाऱ्या कनेक्टिंग रॉडला सुटं बेअरिंग नाही. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा मऊ मिश्रधातू वितळवून तिथे ओतलेला असतो. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये तो काढला आणि आजही तो बॅबिट म्हणूनच ओळखला जातो. त्याला तेल कसं मिळतं? रॉडच्या तळाशी एक छोटा चमचा आहे. खाली तेलाची पन्हळ. दर फेऱ्याला चमचा पन्हळीत बुडी मारतो आणि घोटभर तेल उचलून स्वतःच्याच बेअरिंगला पाजतो. क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांना पंपाने तेल मिळतं, रॉडने मात्र आपलं आपण उपसून घ्यायचं. रहाटगाडग्याचंच तत्त्व, फक्त मिनिटाला तीन हजार बुड्या.

आणि तीन हजार हा आकडा मी वाऱ्यावर फेकलेला नाही. या गाडीच्या मागच्या आसातलं गुणोत्तर ४.११ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाकडून येणारा दांडा चार फेऱ्यांहून थोडा जास्त फिरतो. चाकाचा व्यास टायरसकट सुमारे ७० सेंटिमीटर. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला चाक मिनिटाला साधारण ७५० वेळा फिरतं, ४.११ ने गुणा, इंजिन ३,१०० च्या आसपास पोचलं. दट्ट्याची एका दिशेची धाव ९५ मिलिमीटर. हिशेब केला तर लोखंडाच्या नळीत तो दट्ट्या सेकंदाला जवळजवळ दहा मीटर धावतोय, आणि दर धावेच्या टोकाला पूर्ण थांबून उलटा फिरतोय. १९५१ मधल्या साध्या रस्त्यांवर असा वेग अधूनमधून गाठायचा असे. आजच्या हायवेवर तोच वेग तीन-चार तास सलग हवा असतो. चमचा आणि पन्हळीची व्यवस्था एवढ्यासाठी केलेलीच नव्हती.

म्हणून बेताचा पहिला बदल इंजिनाचा, पण घराण्याबाहेर न जाता. याच इंजिनाचा थोरला भाऊ २३५ घन इंचांचा आहे. १९५४ पासून शेव्हरोलेच्या सगळ्या २३५ इंजिनांत रॉडच्या बेअरिंगनाही पंपाने, दाबाखाली तेल मिळू लागलं, आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची ताकद १४० अश्वशक्तीच्या घरात गेली. (हे आकडे त्या काळच्या पद्धतीने, इंजिन गाडीबाहेर टेबलावर चालवून मोजलेले आहेत, तेव्हा ते थोडे हात राखूनच घ्या.) बाहेरून दोघे भाऊ इतके सारखे की जत्रेत अदलाबदल व्हावी. पाण्याच्या पंपाची जागा थोडी वर सरकलेली असते, तिथे मध्ये एक प्लेट घालावी लागते; पुढची माउंटिंगची प्लेट जुन्या इंजिनाची काढून नव्याला लावायची. बस. एकही तिखट पुर्जा न घालता ताकद दीडपट. ज्यांना हे इंजिन आजोबांचं वाटतं त्यांना सांगायला हवं, की १९५३ ची पहिली कॉर्व्हेट, अमेरिकेची ती लाडकी स्पोर्ट्स कार, याच २३५ वर धावली होती. तीन कार्ब्युरेटर आणि १५० अश्वशक्ती. व्ही-एट तिला नंतर मिळालं.

पण या सगळ्या खटाटोपात मला खरा चमत्कार वाटतो तो सायलेन्सरच्या नळ्यांचा.

मूळ गाडीत सहाही सिलिंडरांचा धूर एकाच मॅनिफोल्डमधून एकाच नळीत उतरतो. हॉट रॉडवाले काय करतात, तर मॅनिफोल्डचे दोन तुकडे करतात, पुढच्या तिघांची एक नळी आणि मागच्या तिघांची दुसरी. वरवर पाहिलं तर कापाकापी. आता या इंजिनात ठिणगी कोणत्या क्रमाने पडते ते बघा: १, ५, ३, ६, २, ४. पुढची तीन सिलिंडरं म्हणजे १, २, ३. मागची तीन म्हणजे ४, ५, ६. क्रम पुन्हा वाचा. पुढचा, मागचा, पुढचा, मागचा, पुढचा, मागचा. एकही चूक नाही. हा क्रम क्रँकशाफ्टचा तोल सांभाळण्यासाठी ठरलेला आहे, आवाजाचा विचार त्यात नव्हताच. तरी नळ्या दोन केल्या की दोन्हींना अगदी समान अंतराने ठोके मिळतात. जणू तीन-तीन सिलिंडरांची दोन इंजिनं आलटून पालटून बोलतायत. बंदिशीतल्या सवाल-जवाबासारखी.

आता कान आणखी टवकारा. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर सहा सिलिंडर मिळून सेकंदाला १०० ठोके देतात. नळी एकच असेल तर कानावर १०० कंपनांचा मूळ स्वर येतो. दोन नळ्या केल्या की प्रत्येकीच्या वाट्याला ५०. कंपनसंख्या निम्मी झाली की स्वर बरोबर एका सप्तकाने खाली उतरतो. हे तंबोरा लावणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणजे करवतीच्या एका कापाने इंजिन मध्य सप्तकातून मंद्रात गेलं. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन वस्त्यांत १९५४ पर्यंतच्या या शेव्हरोले 'बॉम्ब' म्हणून मिरवतात, जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवलेल्या, चालत्या माणसाच्या गतीने. त्या रसिकांना व्ही-एटची घाई नसते. त्यांना हा दोन नळ्यांचा खर्ज हवा असतो, आणि माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे.

मात्र इथेही एक नाळ दडलेली आहे. मूळ इंजिनात पेट्रोल-हवा आत नेणारा मॅनिफोल्ड धुराच्या मॅनिफोल्डवर टेकवलेला असतो, आणि मधली एक झडप थंडीत गरम धूर त्याच्या तळाशी फिरवते. कारण कार्ब्युरेटर पेट्रोलाची वाफ करत नाही, नुसता फवारा करतो. थंड धातू लागला की ते थेंब भिंतीवर बसतात आणि इंजिनाला मिळते उपाशी हवा. नळ्या वेगळ्या केल्या आणि ही ऊब विसरलात, तर थंड सकाळी गाडी खोकते, आचके देते, आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर आळ येतो. जाणकार तिथे गरम पाण्याची एक प्लेट बसवतात, रेडिएटरच्याच पाण्यातून फिरणारी. दोन कार्ब्युरेटर लावायचे असतील तर ही प्लेट आधी आणि हौस नंतर.

आता इंजिन सुधारलं, पण ४.११ चं गुणोत्तर तसंच आहे. वाटतं, पाच गिअरचा एखादा गिअरबॉक्स घालावा. छोट्या शेव्हरोले पिकअपमधला टी-फाइव्ह या कामासाठी पुष्कळ जण वापरतात. पण बसवायला गेलं की कळतं, या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंतचा दांडा उघडा नाही. तो एका जाड नळीच्या आत फिरतो आणि ती नळी आसाला घट्ट जोडलेली आहे. ही नळी कशाला? चाकाला पुढे फिरवताना आस स्वतः उलटा फिरू बघतो, न्यूटनचा तिसरा नियम. ती उलटी पिळवट ही लांब नळी रोखून धरते. नवा गिअरबॉक्स आला की नळी गेली. नळी गेली की मूळ आस निरुपयोगी. मग उघड्या दांड्याचा दुसरा आस, दुसरं गुणोत्तर. आणि पिळवट? ती आता मागच्या पाट्यांनी सोसायची. म्हणून पाटे, त्यांचे शॅकल आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुन्हा तपासायचे. मोबदला मात्र घसघशीत आहे: आसाचं गुणोत्तर ३.७३ आणि पाचव्या गिअरचं ०.७२ धरलं, तर ताशी १०० ला इंजिन ३,१०० ऐवजी २,००० च्या आसपास फिरेल. तिथेच आपला खर्ज लागतो.

ब्रेकचा विचार खरं तर सगळ्यात आधी करायला हवा होता. या लेखातही तो उशिरा आला, गॅरेजमध्येही तसाच येतो. सुमारे १,४०० किलोची ही गाडी ताशी १०० ने धावत असताना तिच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढ्या ऊर्जेने दीड लिटर गार पाणी उकळीला येईल. ब्रेक लावल्यावर ती सगळी चार ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते, काही सेकंदांत. वेग दीडपट केला की ही ऊर्जा सव्वादोनपट होते. १९५१ च्या शेव्हरोलेचे ११ इंची ड्रम त्या काळाच्या मानाने चांगले आहेत, आणि त्यांत एक सुरेख युक्ती आहे: फिरता ड्रम ब्रेकच्या शूला आपल्यासोबत ओढतो, ती ओढ शूला आणखी घट्ट दाबते, म्हणजे गाडीचाच वेग गाडी थांबवायला हातभार लावतो. पण घाटात ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो. पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्कचं उलट आहे, ती तापली की पॅडच्याच दिशेला जाड होते. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क लावण्याचा मोह योग्य आहे. फक्त लक्षात ठेवायचं, की या गाडीचा मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या खाली आहे, चाकांवरच्या कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर. ब्रेक ऑइल उताराला लागून मागे गळू नये म्हणून नळीत थोडासा दाब राखणारा एक छोटा व्हॉल्व्ह घालावा लागतो.

डिस्क नको असेल तर नको. पण एक बदल मी कोणालाच टाळू देणार नाही: दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर. मूळ गाडीत चारही चाकांना एकच कप्पा पुरवठा करतो. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळे करणारा सिलिंडर अमेरिकन गाड्यांत १९६७ पासून सर्रास आला. बेताच्या हॉट रॉडमध्ये सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात आधी विकत घ्यावा असा पुर्जा तो हाच.

विजेचं थोडक्यात. गाडी ६ व्होल्टची आहे. तेवढ्याच उजेडासाठी १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून तारा जाड. ६ व्होल्ट म्हणजे अशक्त, असं नाही. त्या गाडीला १२ व्होल्टची बारीक बॅटरी केबल लावतात, म्हणून ती सुरू होत नाही. १२ व्होल्ट करायचे तर बल्ब, रिले, हीटरची मोटर, पेट्रोलचा काटा, सगळ्यांची जातपात पाहा. आणि मग एक विजेचा वायपर लावता येतो, हेही खरं.

गाडी किती खाली बसवायची, बॉनेटवरचं पंखांचं चिन्ह काढून भोकं बुजवायची की ठेवायची, यावर मैफली रंगतात. मला त्यात फार रस नाही. दोन इंच खाली, बाकी पत्रा जसाच्या तसा, हे माझं गणित. काढलेला प्रत्येक पुर्जा चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावा. दांड्याभोवतीची ती नळी (टॉर्क ट्यूब) आणि मूळ आससुद्धा. पुढच्या मालकाला गाडी पुन्हा १९५१ मध्ये न्यायची असेल तर वाट मोकळी हवी.

आता आपल्या घरचं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे, तिथे ही हौस चालते. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आडवं येतं: कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाने फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच बजावलं. पुढे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपलीकडच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पाटीवर अक्षरं 'व्हीए'. पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. दोन नळ्या, टी-फाइव्ह आणि नवा आस घेऊन ती पाटी मागायला जाऊ नका.

तेव्हा आजोळच्या पडवीत ताडपत्रीखाली शिवडीत जोडलेली एखादी शेव्हरोले उभी असेल, तर तिला करवत लावू नका. खर्ज ऐकायचा असेल तर कॅलिफोर्नियातल्यांच्या नळ्यांना कान लावा. घरची गाडी मूळ रूपात सुरू करा, तेल बदला, ब्रेकचे रबर बदला. आणि पावसाळ्याआधी वायपरची ती बारीक नळी तपासा. इतक्या वर्षांत तिचं रबर हमखास चिरलेलं असतं.